वाळवंटातील झाडे, मुलांच्या चित्रवह्या आणि विज्ञान : अशा उपक्रमांनी झाड खरोखर वाचते का?

अबोली
नमस्कार. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो आणि गावच्या रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. आमच्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर मोहावी वाळवंट आहे आणि तेथेच जोशुआ वृक्षांचे राष्ट्रीय उद्यान आहे. ज्यांनी हे झाड पाहिले नसेल त्यांनी डोळ्यांपुढे असे आणावे, की घायपाताचे झुबके मुठीत धरून कोणी वेडेवाकडे हात वर करून उभे आहे. मुलांनी पहिल्याच भेटीत त्याचे ‘जोशीबुवा’ असे बारसे केले.

गेल्या मार्चमध्ये, फुलोऱ्याच्या दिवसांत, आम्ही अठरा मुलांना तेथे घेऊन गेलो. एक चित्रकार बाई आणि एक निवृत्त विज्ञानशिक्षक असे दोघे स्वयंसेवक सोबत होते. त्यांचा नियम साधा होता : प्रत्येकाने आपले एक झाड निवडायचे, त्याच्यासमोर चाळीस मिनिटे बसायचे, त्यांतील पहिली दहा मिनिटे नुसते पाहायचे आणि मगच पेन्सिल हातात घ्यायची. चित्रे पूर्ण झाल्यावर शिक्षकांनी मुलांना आपापल्या चित्रातील फाटे मोजायला सांगितले आणि मग गुपित उघड केले. या झाडाच्या फांदीच्या टोकाला फुलोरा आला की ते टोक तेथेच थांबते, पुढची वाढ बाजूने फुटते आणि फाटा पडतो. म्हणजे झाडाचे फाटे ही बऱ्याच अंशी त्याच्या फुलोऱ्यांची नोंदवहीच असते. वर्गातील एका मुलाने आणि त्याच्या बहिणीने एकच झाड निवडले होते. त्याच्या चित्रात अकरा फाटे निघाले, तिच्या चित्रात चौदा, आणि घरी पोहोचेपर्यंत गाडीत तेवढाच एक वाद चालू होता.

हा उपक्रम दरवर्षी करावा असा प्रस्ताव मी शाळेच्या समितीपुढे ठेवला, तेव्हा एका पालकांनी स्पष्ट सांगितले, “हा चित्रकलेचा तास आहे. त्याला वृक्षसंवर्धन म्हणू नका.” मला तेव्हा चटकन उत्तर सुचले नाही. आपले काय मत आहे? कोणी अशा उपक्रमांत भाग घेतला असल्यास अनुभव अवश्य लिहावा.

भूर्जपत्र
अबोलीताई, पस्तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे खोड काढण्याची सवय जडली आहे, तेव्हा आधी एक दुरुस्ती. टोकाला किडीने इजा केली तरीही फाटा पडतो, त्यामुळे प्रत्येक फाटा म्हणजे फुलोराच असे मुलांनी समजू नये. परंतु तुमच्या शिक्षकांनी निवडलेली गोष्ट उत्तम आहे, कारण हे झाड एकदलिकित (गवत, ताड यांच्या गटातले) असल्याने त्याच्या खोडात वार्षिक वलये नसतात. साग कापून जसे वय मोजता येते तसे येथे येत नाही. ते उंचीवरून आणि वाढीच्या वेगावरून अंदाजाने ठरवावे लागते, आणि वर्षाकाठी जेमतेम काही सेंटिमीटर वाढणाऱ्या झाडाच्या बाबतीत तो अंदाजही सैलच असतो. जुनी वाळकी पाने खोडाला चिकटून खाली लोंबत राहतात, तीही मुलांनी चित्रात दाखवली असतील अशी आशा आहे.

खरी नवलाई फुलात आहे. या झाडाचे परागण केवळ युक्का पतंगाकडून होते. पश्चिमेकडील जोशुआ वृक्षाचा पतंग वेगळा आणि पूर्वेकडील जातीचा वेगळा. नेवाडातील टिकाबू खोऱ्यात मात्र दोन्ही जाती आणि दोन्ही पतंग एकत्र आढळतात. मादीच्या तोंडाशी खास सोंडांसारखे अवयव असतात. त्यांनी ती पराग गोळा करते, त्याची गोळी वळून हनुवटीखाली धरते, दुसऱ्या फुलाच्या बीजकोशात अंडी घालते आणि मग तो पराग स्वतः कुक्षीवर दाबून बसवते. इतर कीटकांच्या अंगाला पराग चुकून लागतो. ही मात्र ते काम जाणूनबुजून केल्यासारखे करते. अळ्या काही बिया खातात आणि उरलेल्या झाडाला मिळतात. पुढच्या खेपेला मुलांना फुलाचा वास घ्यायला जरूर सांगा. मोगऱ्याची अपेक्षा ठेवू नका. आळंबीसारखा कुबट वास येतो.

चकवा
जोशीबुवा म्हटल्यावर पंचांग, पत्रिका आणि मुहूर्त ओघाने आलेच. येथे पतंगाशी जुळलेली पत्रिका पाहूनच फळ धरते, हे वाचून समाधान वाटले.

कुंपणावरचा
मी त्या पालकांच्या बाजूचा आहे आणि ते मनापासून लिहितो. ऑगस्ट २०२० मध्ये मोहावी राष्ट्रीय संरक्षित प्रदेशातील सिमा डोम भागात वीज पडून लागलेल्या आगीत सुमारे ४३ हजार एकर क्षेत्र जळाले आणि मेलेल्या जोशुआ वृक्षांचा अंदाज तेरा लाखांपर्यंत गेला. २०२३ मध्ये त्याच संरक्षित प्रदेशात लागलेल्या यॉर्क आगीने एकूण ९० हजारांहून अधिक एकर जाळले. पूर्वी या वाळवंटात झाडाझुडपांमध्ये उघडी माती असे, त्यामुळे आग पसरत नसे. आता बाहेरून आलेले ब्रोम गवत त्या मोकळ्या जागांत माजते, वाळते आणि वातीसारखे पेटते. रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे मांडले, की उत्सर्जन आहे तसेच चालू राहिले तर २०७० नंतर उद्यानातील या झाडाच्या अधिवासापैकी केवळ ०.०२ टक्के शिल्लक राहील.

या सगळ्यापुढे अठरा मुलांची चित्रे काय करणार? तेवढ्याच दिवसात त्या मुलांकडून गवत उपटून घेतले असते तर निदान काही चौरस मीटर जमीन तरी मोकळी झाली असती. कलेला माझा विरोध नाही. तिच्या पाटीवर ‘संवर्धन’ असे लिहिण्याला आहे.

खारीचावाटा
कुंपणावरचा, आपण दिलेला ०.०२ टक्के हा आकडा कोठून आला तेही सांगायला हवे होते. त्या अभ्यासासाठी झाडांची आणि रोपांची जी प्रत्यक्ष मोजणी झाली, तिच्यात अर्थवॉच या संस्थेमार्फत आलेले स्वयंसेवक होते. उन्हात फिरून नवी रोपे कोठे उगवली आहेत आणि कोठे नाहीत हे नोंदवणारी ती सामान्य माणसेच होती. शिवाय त्याच अभ्यासात असेही म्हटले आहे, की उत्सर्जन आटोक्यात आणले तर सुमारे १९ टक्के अधिवास टिकू शकेल. तो दुसरा आकडा आपण गाळलात.

दुसरा मुद्दा इतिहासाचा आहे. हे उद्यान मुळात एका प्रदर्शनवेड्या बाईमुळे झाले. मिनर्व्हा हॅमिल्टन हॉयट या पासाडेना परिसरातील बागकामाची आवड असलेल्या गृहिणी. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसकर आपल्या बागा सजवण्यासाठी वाळवंटातील झाडे मुळासकट उपटून नेत होते आणि रात्री वाट दिसावी म्हणून मोटारवाले जोशुआ वृक्ष पेटवत होते. त्या काळात या बाईंनी वाळवंटातील वनस्पतींची भव्य प्रदर्शने न्यूयॉर्क, बोस्टन आणि लंडन येथे मांडली. तोवर तेथील लोकांना वाळवंट म्हणजे ओसाड पडीक जमीन वाटत असे. पुढे १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि १९९४ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. ती प्रदर्शने कला होती, विज्ञान होते की संवर्धन होते, हे वेगळे करून दाखवा.

कुंपणावरचा
दुसरा आकडा गाळला ही चूक मान्य करतो. परंतु इतिहास अर्धा सांगू नये हे मलाही म्हणता येईल. त्याच स्मारकातून १९५० मध्ये खाणकामासाठी जवळजवळ २ लाख ९० हजार एकर जमीन वगळण्यात आली. लोकांना झाड आवडू लागले म्हणून ते सुरक्षित झाले असे होत नाही. कायदा लागतो, आणि तो राखायला माणसे लागतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने पश्चिमी जोशुआ वृक्षासाठी स्वतंत्र संवर्धन कायदा केला, त्यामुळे आता परवानगी व शुल्क याशिवाय हे झाड तोडता येत नाही. माझ्या मते खरे काम ते आहे.

उंबरठा
आणि शुल्क भरले की तोडता येते, हेही त्याच कायद्याचे दुसरे टोक आहे. शिवाय कायद्याआधी मिळालेल्या परवानग्या असतातच : बोरॉन गावाजवळ सौरऊर्जा प्रकल्पासाठी काही हजार जोशुआ वृक्ष हटवण्यावरून २०२४ मध्ये बराच गदारोळ झाला. इकडे बिकानेर भागात सौर प्रकल्पांसाठी खेजडीची झाडे तोडली जातात म्हणून लोक धरणे धरून बसतात. हवामान वाचवण्यासाठी वाळवंटातील झाड तोडावे लागते, हे मुलांना कसे समजावावे याचा अजून तरी कोणी चांगला धडा लिहिलेला मला दिसलेला नाही.

टांगेवाला
खेजडीचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. बँकेच्या नोकरीत माझी सहा वर्षे जोधपूरला गेली. १७३० मध्ये तेथून जवळच्या खेजडली गावात राजाच्या बांधकामासाठी खेजडीची झाडे तोडायला माणसे आली, तेव्हा अमृतादेवी आणि त्यांच्यापाठोपाठ एकूण ३६३ बिश्नोई पंथीय झाडांना मिठी मारून मारले गेले. ‘सिर साटे रूंख रहे, तो भी सस्तो जाण’, म्हणजे डोके देऊन झाड राहिले तरी सौदा स्वस्तच, हे वाक्य तेथील शाळकरी मुलालाही पाठ असते. मोहावीतील झाडासाठी कोणी असे काही केल्याचे ऐकिवात नाही; असो, तुलना करणे हा माझा हेतू नाही.

मला सांगायचे आहे ते अरणा-झरणा या संग्रहालयाविषयी. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी जोधपूरजवळ उभारलेल्या या वाळवंट-संग्रहालयाचा मुख्य विषय आहे झाडू! राजस्थानच्या निरनिराळ्या भागांतील शेकडो केरसुण्या तेथे मांडलेल्या आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. नंतर मार्गदर्शकाने एकेक झाडू हातात देऊन सांगायला सुरुवात केली : हा कोणत्या गवताचा, ते कोणत्या मातीत येते, तो कोण बांधते, घराबाहेर कोणता वापरायचा आणि आत कोणता. तासाभराने माझ्या लक्षात आले, की मारवाडच्या वनस्पती, पाऊसमान आणि समाजरचना या तिन्हींचा पाठ मी केरसुणीवरून शिकलो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो, पण ती कशाची बनते हे मी पन्नाशीपर्यंत कोणाला विचारले नव्हते.

मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा मरुउद्यान आहे, त्याचीही आठवण येते. तेथे खडकाळ जमिनीवर वेडी बाभूळ माजली होती. मुळाचा गड्डा आत राहिला की ती पुन्हा फुटते, म्हणून २००६ पासून प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली खंडवालिया समाजाच्या पाथरवटांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून तो गड्डा उपटला आणि त्याच खड्ड्यांत थरची मूळ झाडेझुडपे लावली. पिढ्यान्‌पिढ्या दगड काढणाऱ्यांचे कसब तेथे झाडासाठी वापरले गेले. अशा कामात कलाकार कोणाला म्हणायचे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

दुबईकर_सूनबाई
टांगेवाला काका, तुमची खेजडी म्हणजे आपली शमी आणि आमच्या इथला ‘गाफ’, ही एकच जात आहे. संयुक्त अरब अमिरातीचे हे राष्ट्रीय झाड असून २०१९ हे वर्ष येथे सहिष्णुतेचे वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा बोधचिन्हात हेच झाड होते. मला हे कळले ते मुलाच्या शाळेतील प्रकल्पामुळे. त्यांना गाफच्या पानाचे चित्र काढून त्याची मुळे इतकी खोल का जातात हे लिहायचे होते. सासूबाईंनी वहीतले चित्र पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, ही तर गणपतीच्या पत्रीतली शमी!” त्यानंतरच्या गणपतीत त्यांना पत्रीसाठी तेच पान हवे होते. या झाडाला येथे संरक्षण आहे, तोडू नये, असे नातवाने आजीला बजावले. शेवटी आम्ही संध्याकाळी उद्यानात गेलो, सासूबाईंनी झाडाला हात लावून नमस्कार केला आणि परत आलो. पत्रीत त्या वर्षी एक पान कमी होते.

निवडुंग
आता एक कडू अनुभव. वाळवंटातीलच एका शहरात, नाव घेत नाही, आम्ही ‘कला आणि निसर्ग’ अशा एका कौटुंबिक मेळाव्याला गेलो होतो. मुलांना पुठ्ठ्यावर चकचकीत प्लास्टिकची भुकटी चिकटवून निवडुंग करायला दिला आणि जाताना प्रत्येकाला कागदी पेल्यात मेस्कीट या वाळवंटी झाडाचे एकेक रोप दिले. ते कोठे लावायचे, किती पाणी घालायचे, सदनिकेत राहणाऱ्याने काय करायचे, यातले काहीच कोणी सांगितले नाही. वाहनतळाच्या कचरापेटीत मी स्वतः सात पेले मोजले. आमचे रोप नवव्या दिवशी वाळले आणि मुलगी रडली ते वेगळेच. त्यामुळे कुंपणावरचा यांचा राग मला समजतो. पण राग चित्रांवर काढू नये, आयोजकांवर काढावा. त्याच राज्यात, ॲरिझोनात, सग्वारो राष्ट्रीय उद्यानात १९९० पासून दर दहा वर्षांनी स्वयंसेवक सग्वारो निवडुंगांची गणना करतात. तेथे पेला मिळत नाही, टोपी आणि पाण्याची बाटली आपली न्यावी लागते, आणि लोक आनंदाने येतात.

वाळूघड्याळ
सिमा डोमच्या आगीचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव. आगीनंतर तेथे जोशुआ वृक्षांची रोपे लावण्याचे काम स्वयंसेवकांच्या मदतीने सुरू झाले, त्यात मी दोन दिवस होते. रस्ता नसलेल्या भागात रोपे आणि पाणी वाहून नेण्यासाठी उंट आणले होते, हे वाचून कोणाला थट्टा वाटेल, पण खरेच उंट होते. काळी पडलेली खोडे, मधून चाललेला उंट आणि त्याच्या पाठीवर रोपांची खोकी, हे पाहताना आपण अमेरिकेत आहोत याचा मला क्षणभर विसर पडला.

काम कंटाळवाणे आहे. खड्डा घ्या, रोप ठेवा, सशांनी खाऊ नये म्हणून भोवती जाळीचा पिंजरा ठोका, पाणी घाला, क्रमांक लिहा, पुढे चला. लावलेली बरीच रोपे नंतर मेली, हे स्पष्टच सांगते, कारण पुढचे उन्हाळे कठीण गेले. वाचलेल्यांना पाणी घालायला लोक पुन्हा पुन्हा गेले. माझ्या गटातील एक बाई प्रत्येक विश्रांतीत वही काढून जळके झाड रेखाटत असत. मी विचारले, तर म्हणाल्या की हिरवी झाडे सगळेच काढतात. पुढच्या खेपेला मी येऊ शकले नाही. त्या मात्र गेल्या होत्या. हे कशाचा पुरावा आहे असे माझे म्हणणे नाही, पण वही आणि पहार एकाच हातात असू शकतात एवढे मी पाहिले आहे.

भूर्जपत्र
वाळूघड्याळ, एक पुरवणी. निसर्गात ही रोपे बहुधा एखाद्या झुडपाच्या आडोशाने जगतात. उघड्यावर ऊन आणि ससे दोन्ही त्यांना पुरून उरतात. आगीत झाड जळते तेव्हा तो आडोसाही जळतो. म्हणून जंगल परत येणे इतके अवघड असते.

खारीचावाटा
मूळ प्रश्नाकडे वळतो. लॉस एंजेलिसमधील नॉर्थरिज येथील कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ जेरेमी योडर आणि त्यांचे सहकारी यांनी लोकांनी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेली जोशुआ वृक्षांची छायाचित्रे तपासली. कोणत्या छायाचित्रात फुले आहेत आणि कोणत्यात नाहीत हे नोंदवून, त्याची हवामानाच्या नोंदींशी सांगड घालून त्यांनी १९०० पासूनच्या फुलोऱ्याचा आलेख अनुमानाने उभा केला. ती छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना झाड सुंदर दिसले, एवढेच कारण असावे. फूल नसलेल्या झाडाचे छायाचित्रही तितकेच उपयोगी ठरते, हे मुलांना आवर्जून सांगावे. आणखी एक उदाहरण म्हणजे ज्युनिपर हॅरोवर. त्या जोशुआ वृक्ष, पतंग आणि मुळांवरील बुरशी यांवर संशोधन करणाऱ्या परिसंस्थाशास्त्रज्ञ आहेत आणि चित्रकारही. २०२४ मध्ये लँकेस्टर येथील कला व इतिहास संग्रहालयात जोशुआ वृक्षांवर जे प्रदर्शन भरले होते, त्याच्या संयोजनात त्या होत्या.

अबोली
सर्वांचे मनःपूर्वक आभार. धागा काढताना इतके हाती लागेल असे वाटले नव्हते. निवडुंग यांचा अनुभव मी समितीत वाचून दाखवला आणि रोपे वाटण्याची कल्पना, जी खरे तर माझीच होती, ती मी मागे घेतली. ठरले ते असे : दरवर्षी मार्चमध्ये त्याच झाडांकडे जायचे, त्याच जागी बसून चित्र काढायचे, त्याच कोनातून एक छायाचित्र घेऊन आयनॅचरलिस्टवर टाकायचे, फुले असोत वा नसोत. वह्या घरी न देता शाळेच्या कपाटात ठेवायच्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यांच्या झाडाची मागची चित्रे पाहता येतील. उद्यानातून पान, बी, दगड यांतील काहीही उचलायचे नाही. गवत उपटण्याचे काम उद्यानाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, त्यासाठी मी अर्ज पाठवला आहे. कुंपणावरचा, ही सूचना आपलीच.

अकरा की चौदा, या वादाचाही निकाल लागला. माझ्याकडील छायाचित्र मोठे करून आम्ही वर्गात सगळ्यांनी मिळून मोजले. तेरा निघाले. मुलाने मागच्या बाजूची फांदी काढलीच नव्हती आणि बहिणीने शेजारच्या झाडाची एक फांदी यात धरली होती. दोघांनीही तेरा मान्य केलेले नाहीत. मार्चमध्ये प्रत्यक्ष जाऊन, झाडाभोवती फिरून मोजायचे असे ठरले आहे.

कुंपणावरचा
अर्ज मंजूर झाला तर कळवावे. मी सॅन होजेला असतो, आदल्या रात्री निघेन. गाडी सात जणांची आहे आणि कुदळी-हातमोजे माझ्याकडे आहेत. वही मात्र आणणार नाही.

अबोली
वही शाळेकडून मिळेल. पेन्सिल आपली आणावी.